तीस फुटांची वायर

४ जून १९७८, रविवार

आवाजच नाही! म्हणजे आहे, पण असला असण्यापेक्षा नसलेला बरा. ढोलकीची थाप म्हणजे कुणीतरी पत्र्यावर नख वाजवतंय. सगळं पिचकं, बारीक, लांबून आल्यासारखं. सहा महिने कॉलेजातून आल्यावर डोळे फोडून प्रीअँप बनवला तो ह्याच्यासाठी?

दत्तराव आतून ओरडला, "वाढीव की आवाज!"

मी बैठकीतून ओरडलो, "सगळा वाढवलाय!"

मग तो बाहेर आला आणि बाजारातल्या बैलाकडे बघावं तसा माझ्या डब्याकडे बघत राहिला. "तुजा डबा लय दुबळा हाय, सूर्यभान. दमच न्हाई त्याच्यात."

"दुबळा न्हाई. तुमचा अँप लय ओढतो. त्याच्यापुढं कुणाचाबी दम जाईल."

हसलो दोघंही. पण त्यानं स्वतःचा अँप उघडला नाही आणि मीही माझा डबा उघडला नाही. सायकलला बांधून परत आणला.

एक गंमत लिहून ठेवतो. आम्ही दोघं एका वयाचे. तो मला 'तू' म्हणतो, मी त्याला 'तुमी'. त्याच्या घरची ताडकळसकडे मोठी जमीन, परभणीत स्वतःचं घर, मोटार रिवाइंडिंगचा कारखाना. मी कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर. चार वर्षांत तोंडाला सवय झाली. इथं मात्र तो 'तो'च आहे. वही माझी आहे!

७ जून

केशर म्हणाली, "दोन डबे कशाला लागतेत? येकच करा की."

बायकोला फिजिक्स समजावणं म्हणजे — नाही, तिला पटकन समजतं, म्हणूनच अवघड. सांगितलं : रेकॉर्डवरची सुई जे उचलते ते फार बारीक असतं. माझा प्रीअँप ते धरतो, निवळतो, मोठं करतो. पण स्पीकर हलवायची ताकद त्याच्यात नाही. ती दत्तरावच्या पॉवर अँपमध्ये. त्याच्याकडे स्पीकर आहेत, रेकॉर्ड आहेत, प्लेअर आहे. माझ्याकडे रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हची समज आहे आणि ही भाड्याची एक खोली.

"म्हंजी तुमचं त्यांच्याबिगर अडतं आन त्यांचं तुमच्याबिगर." बरोबर!

आज लॅबमध्ये मोजलं. माझ्या डब्याचा आउटपुट साठ हजार ओहमचा. त्याच्या अँपचा इनपुट जेमतेम दहा हजारांचा. मी सात रुपये पुढं केले तर त्याच्या हातात एक पडतो अशातला प्रकार. आणि माझा कंडेन्सर लहान, त्यामुळे ढोलकीचा घुमाराही गेला. व्हॉल्व्ह हळू बोलणारा, त्याचं कुणीतरी निवांत ऐकून घ्यावं लागतं. ट्रान्झिस्टर नुसता ओरबाडतो. नियम साधा आहे, घेणाऱ्याचा आकडा देणाऱ्याच्या दहापट पाहिजे.

म्हणजे कुणीतरी एकानं बदलायचं. मी का? मी नाही बदलणार.

११ जून, रविवार

त्यानं बदललं! चार दिवस कारखाना गड्यांवर टाकून बसला होता. जळालेल्या मोटारी घेऊन शेतकरी दारात उभे, आणि हा आत इनपुटचं नवं सर्किट जोडतोय. आता त्याचा इनपुट एक लाखावर गेलाय. मीही कंडेन्सर मोठा टाकून नेला होता, तो काही फार मोठा पराक्रम नव्हे.

लावलं. ढोलकी घुमली! दत्तराव माजघरातून "वा रे वा!" करत आला. पण दुसऱ्या रेकॉर्डला त्याचं तोंड उतरलं. झांज कुठाय? सतारीची तार कुठाय? स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखं. पहिलं दुखणं बरं केलं आणि त्याच्याखाली दडलेलं दुसरं वर आलं.

"तुला कसं ऐकू यायलंय?" त्यानं विचारलं.

मला! मी बैठकीत. आवाज माजघरात. मधे बोळ, बोळाला पडदा. स्पीकर माजघराच्या दोन कोपऱ्यांत गवंड्याकडून विटांत बांधून घेतलेले, ते हलायचे नाहीत. पॉवर अँप त्यांच्या मधल्या फळीवर, त्यालाही दोन माणसं लागतात उचलायला. प्लेअर बैठकीत, कारण 'आत पोरं हात लावतेत.' प्लेअरशेजारी माझा डबा, डब्याशेजारी मी. आणि माझ्या डब्यापासून त्याच्या अँपपर्यंत चौकटीवरून, बोळातून, भिंतीला खिळे मारून नेलेली तीस फुटांची शिल्डवायर.

मी चार वर्षांत पडद्यापलीकडे गेलेलो नाही. पहिल्या वर्षीच तो एकदा खाली बघून म्हणाला होता, "आई जुन्या वळणाची हाय, सूर्यभान. ती हाय तवर चालवून घे." आम्ही बौद्ध. घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. असली वाक्यं पूर्ण ऐकावी लागत नाहीत. चालवून घेतलं. मित्र चांगला आहे, म्हातारी किती दिवसांची!

पण माझाच आवाज मी दारातून ऐकतो. आणि कसा आहे ते दुसऱ्याला विचारतो.

१२ जून

वायर. वायरच आहे. मला माहीत आहे. त्याला माहीत नसेल असं होणारच नाही, जन्म तारा गुंडाळण्यात गेलाय त्याचा. काल दोन तास आम्ही व्हॉल्व्हवर बोललो, सुईवर बोललो, लाइटच्या कमी व्होल्टेजवर बोललो.

१८ जून, रविवार

उकाडा. मान्सूनचा पत्ता नाही. बैठकीत पंखा नाही, माजघरात आहे, त्याची घरघर बाहेर ऐकू येते.

आज दत्तराव म्हणाला, "येक करून बघू का?" आणि माझा डबा उचलला, प्लेअर उचलला, दोन खेपा करून आत घेऊन गेला. तीन फुटांची वायर जोडली असणार. मी सतरंजीवर बसलो. समोर काहीच नाही. नुसता प्लगचा बोर्ड.

डबा आत गेला, मी बाहेर!

आवाज आला — देवा रे. (देव मानत नाही, तरी आलं तोंडात.) पडद्याच्या ह्या बाजूलासुद्धा कळलं. झांजेचा कण न् कण. गाणारी बाई श्वास घेते तोही. दत्तराव आतून ओरडला, "साफ! येकदम साफ! ऐकायलास का?" त्याची पोरं टाळ्या वाजवत होती. म्हातारीचाही आवाज आला, काहीतरी म्हणाली, कळलं नाही.

मग तो बाहेर आला, घामानं निथळत, आनंदानं. "आतच ऱ्हाऊ दे की मंग डबा. मी लावत जाईन. तू निवांत बस हितं."

मी म्हणालो, "डबा बाहेर आना."

"अरे पन —"

"आना."

आणला. त्याचा चेहरा पडला होता. माझाही पडलाच असेल. चहा झाला. पावसावर बोललो.

२० जून

केशरला सांगायला नको होतं. ती पीठ मळता मळता म्हणाली, "म्हंजी तुमी त्यांच्या दारात बसून त्यांच्या घरात गानं लावायलाव. बँडवाल्यावानी. पगार तरी मागा."

हसू आलं आणि रागही आला. नंतर नुसता राग राहिला.

२ जुलै, रविवार

दत्तराव आज खुशीत. बैठकीत पाय ठेवायच्या आधीच म्हणाला, "सापडलं! आपुन दोघंबी येडे. तुज्या डब्यात येक व्हॉल्व्ह वाढव. कॅथोड फॉलोअर. आउटपुट हजाराच्या खाली येतंय बघ. मंग वायर तीस फुटांची असू दे न्हाईतर तीनशे फुटांची, फरकच पडत न्हाई!"

मला हे बारा जूनपासून ठाऊक आहे. कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळतं. मुद्दाम बोललो नव्हतो. साठ हजारांचा आउटपुट लांब वायरीत दम तोडतो, वायरच त्याचे वरचे सूर पिऊन टाकते. आउटपुट खाली आणला की वायरीची मात्रा चालत नाही. शास्त्र बरोबर आहे. शास्त्राबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण दुसरा उपाय फुकटचा होता. वायर आखूड करायची. डबा आत, माणूस आत. तो त्याच्या तोंडून निघत नाही, आणि माझ्या तोंडून निघावा अशी माझी इच्छा नाही.

स्पष्टच लिहितो. मला आत जायचंच आहे असं नाही. मला एवढंच पाहिजे की त्यानं एकदा म्हणावं — 'चल आत.' म्हातारीनं आदळआपट करू दे, घर डोक्यावर घेऊ दे. मी त्याच्या घरात तमाशा नको म्हणून जाणारही नाही कदाचित. पण त्यानं म्हणावं. तेवढ्यावरून मला कळेल की हा माझा मित्र आहे की मी ह्याच्या डब्याचा कारागीर आहे.

९ जुलै

व्हॉल्व्ह बसवला. अडीचशे व्होल्टचा एक झटका खाल्ला, कोपरापर्यंत मुंग्या. केशर मीठमिरची ओवाळायला निघाली होती, तिला थांबवलं.

कशाला बसवला? जमतंय का बघायला, असं तिला सांगितलं. खोटं. मला तो १८ तारखेचा आवाज पुन्हा ऐकायचा होता. हावरटासारखा.

१६ जुलै, रविवार

जमलं! तीस फुटांवरून जसाच्या तसा. आधी मी माझा डबा चालू केला, व्हॉल्व्ह तापू दिले, मग "हां!" म्हणून ओरडलो, मग त्यानं आत पॉवर अँप लावला. हा क्रम चुकवायचा नाही, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. खर्र नाही, गुणगुण नाही. दोन डबे शेवटी एकमेकांना मानवले. दत्तराव धावत आला आणि मला मिठी मारली. खरोखर मारली! बनियनवर होता, घामेजलेला. "सूर्यभान, असा आवाज परभणीत कुणाकडंच न्हाई!"

घरी येईपर्यंत मी गात होतो. गंगाखेड नाक्यापाशी सायकलवरून उतरलो आणि मग लक्षात आलं मी काय केलंय. आता डबा आत न्यायची गरजच उरली नाही. कधीच. मी बाहेर बसावं म्हणून लागणारा एक जास्तीचा व्हॉल्व्ह मीच शोधून, मीच जोडून, माझ्या पैशानं बसवून दिला. शाबास सूर्यभान! गाढव कुठला.

२३ जुलै, रविवार

म्हातारी घरी नव्हती. भावाकडे गंगाखेडला गेली, परवा येणार. दत्तरावनं परवाच रस्त्यात सांगितलं होतं. का सांगितलं? मला वाटलं ते वाटलं. पिशवीत तीन फुटांची वायर घालून नेली. केशरनं बघितली आणि माझा शर्ट इस्त्री केलेला काढून दिला.

बसलो बैठकीत. त्यानं रेकॉर्ड आणल्या. चहा आणला. मी पिशवी पायाशी ठेवलेली. वाट बघितली. दुसरी रेकॉर्ड झाली. शेवटी मीच म्हणालो, "आई न्हाईत म्हनं घरी."

"न्हाई ना. पन तिला कळतंय रे. शेजारचे सांगतेत. आली की डोस्कं खाईल माजं."

पडदा अर्धा सरकलेला होता. पंखा फिरत होता, त्याच्याखाली कुणी नव्हतं.

म्हातारीचा एवढा वचक! घरात नसतानाही दारात बसून आहे. तिचा राग येतो, असा राग मला कधी कुणाचा आला नाही. आयुष्यात दोन वाक्यं बोललेली नाही माझ्याशी. पडद्याआडून नुसतं "चहा दिलास का रं त्याला?" एवढंच. त्याला! नाव माहीत नसेल का?

२७ जुलै, गुरुवार

ठराव झाला! विधानसभेत, परिषदेतही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव! रेडिओवर ऐकलं, पुन्हा ऐकायला बसलो. केशरनं शिरा केला. तिच्या डोळ्यांत पाणी. मी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट काढून उगाच बघितलं. त्याच्यावर जुनंच नाव राहणार, तरी बघितलं.

२९ जुलै

कॉलेज बंद. शहर बंद. ठरावाविरुद्धच्या मोर्च्यात माझ्याच बॅचची पोरं. परवापर्यंत 'सर, रीडिंग बघा' म्हणणारी. त्यांतला एक माझ्याकडे बघून थुंकला. रस्त्यावर थुंकला, माझ्या अंगावर नाही. पण बघून.

३० जुलै, रविवार

जायचं नव्हतं, तरी गेलो. न जाणं म्हणजे भ्यालो असं झालं असतं.

रेकॉर्ड चालू होती. दत्तराव म्हणाला, "नाव बदलून पोटाला काय मिळनार हाय सूर्यभान? उगं तेढ वाढली."

"पोटाला काय मिळत नसंल तर मंग त्या नावाचा येवढा तरास कामून?"

"मला न्हाई रे तरास. लोकाला हाय."

लोकाला. शेजाऱ्यांना. आईला. त्याला स्वतःला कधी कसलाच त्रास नसतो!

मी उठलो. बंद करताना आधी पॉवर अँप, मग प्रीअँप — दोन महिने मीच त्याला हे पढवलंय. आज सरळ माझाच प्लग ओढला. आत धाडकन आवाज झाला, पोरं किंचाळली. डबा तसाच टाकून निघालो. त्यानं हाक मारली का नाही, आठवत नाही.

स्पीकरचा कागद फाटला असेल. फाटू दे.

१ ऑगस्ट

एसटी बंद. खेड्यांतून बातम्या येताहेत. आपल्या वस्त्या पेटवल्या. कुठं खरं, कुठं ऐकीव, पण धुराचा वास घेऊन आलेली माणसं स्टेशनवर बसलीत, ती काही ऐकीव नाहीत. केशरच्या भावाच्या गावचं काही कळत नाही. ती काम करता करता मधेच थांबते आणि उभीच राहते.

२ ऑगस्ट

दाराला आतून कडी. रेडिओ बारीक.

३ ऑगस्ट

सकाळी घरमालक बन्सीधर आले. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. "गुरुजी, चार दिस कुटं पावन्याकडं जावा. रात्री चौघं इचारून गेले, तुमच्यात कोन ऱ्हातंय म्हनून. माज्या घराला काय झालं तर?" माझं काय होईल ते त्यांनी विचारलं नाही. पावणा कुठला? सगळे पावणे आमच्यासारखेच कडी लावून बसलेले.

दुपारी मोटारसायकलचा आवाज. आम्ही दोघंही भिंतीला टेकलो. दत्तरावची राजदूत! घाम, दाढी वाढलेली. आत येऊन म्हणाला, "केशरबाई, गाठोडं बांधा. दोगंबी चला. आत्ताच्या आत्ता."

मी रविवारचं काही काढलं नाही. त्यानंही नाही. केशर मागं, मी मधे. रस्त्यात कोपऱ्यावर टोळकी उभी होती, दत्तरावनं गाडी हळू केली नाही, उलट त्यांना हात केला. मला वाटत होतं, ह्या माणसाबद्दल मी काय काय लिहिलं! आता घर येईल. पडदा. पंखा. म्हातारी असेल. असू दे. शेवटी आतच नेतोय की नाही! जिवाची भीती पोटात आणि तरी हे डोक्यात. माणूस चमत्कारिक जनावर आहे.

त्याच्या घराच्या वळणावर गाडी वळली नाही. सरळ गेली. कारखान्याशी थांबली.

"घरी आई हाय ना," तो म्हणाला. "हितंच बरं पडंल तुमाला."

४ ऑगस्ट

वॉर्निशचा वास. उघड्या मोटारी, तांब्याची वेटोळी, पोत्यावर केशर. एक खिडकी, ती वरच्या बाजूला.

दत्तराव शटर अर्धं ओढून बाहेर खाटेवर बसलाय. घरी गेलेला नाही. मगाशी माणसं आली. आवाजावरून पाच-सहा. एक म्हणाला, "आत कोन हाय दत्तराव?"

"माजे पावने हायत."

"कुठले पावने? नाव सांगा की."

"माज्या कारखान्यात कोन हाय ते मी गावाला सांगत बसू का? जायचंय आत? माज्या अंगावरून जा." खाट करकरली, म्हणजे उठून उभा राहिला असणार. केशरनं माझा हात असा धरला की नखं रुतली. मग पावलं लांब गेली.

थोड्या वेळानं त्यानं शटरखालून पाण्याची कळशी सरकवली. निम्मं पाणी त्याच्या हातावर सांडलं. मी तो हात बघितला आहे. हे विसरायचं नाही, पुढं काहीही झालं तरी.

६ ऑगस्ट, रविवार

निरोप आला : केशरचा भाऊ आश्रुबा पोरांना घेऊन नांदेडला पोचला. सगळे जिवंत. घर राहिलं नाही. ती रडली नाही, जळक्या मोटारीतलं तांबं सोलायला बसली. मीही बसलो. दत्तराव आला, तोही बसला. तिघं तांबं सोलत होतो.

तो जेवण खानावळीतून आणतो. मी विचारलं, "घरी म्हाईत हाय का, आमी हितं हाव ते?"

"न्हाई सांगितलं आईला. कशाला उगं."

बरोबर आहे. आमच्यासाठी दोन भाकरी जास्त थापल्या तर तिची चूल बाटेल! माणसं जळताहेत आणि ह्या म्हाताऱ्या पडदा धरून बसल्यात. असल्याच म्हाताऱ्यांनी देशाचं वाटोळं केलं. दत्तरावची दया येते. इतका धीट माणूस, पाच जणांपुढं उभा राहतो, आणि एका बाईपुढं मान खाली!

मी त्याला म्हणालो, "मागच्या रविवारचं मनावर घेऊ नका. स्पीकर मी नीट करून दीन."

तो म्हणाला, "स्पीकरला काय झालं न्हाई." आणि डोळे पुसले. वॉर्निशनं झोंबले असतील.

८ ऑगस्ट

शहर जरा निवलंय. दुकानं अर्धी उघडी. दत्तराव म्हणतो, दोन दिवसांनी खोलीवर सोडतो. त्याच्यावरचा सगळा राग गेला. केशरलाही म्हणालो, म्हातारी गेली की हा आपल्याला मानानं आत नेईल. ती म्हणाली, "बघू."

९ ऑगस्ट

दत्तरावच्या आई, सुलाबाई आल्या. एकट्या, चालत, डोक्यावर भाकरीची पाटी. कारखान्याच्या गड्याकडून कळलं म्हणाल्या. खाली पोत्यावर केशरजवळ बसल्या, पाणी मागितलं, आमच्याच तांब्यानं प्यायल्या. मला नावानं हाक मारली.

"सूर्यभान, चार वर्सं झाली, दर आयतवारी दत्तूला म्हनते, त्या लेकराला आत बोलीव, पंख्याखाली बसू दे. तर म्हनतो, त्यालाच आत यायला नको वाटतंय आई. आन आता घर सोडून हितं लोखंडात ऱ्हायलाव, हेबी तुमीच म्हनलाव व्हय?"

दत्तराव दारातच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिलो. 'आई, काहीबी काय बोलायलीस' — एवढं तरी म्हणायचं त्यानं! खोटं का होईना.

तेही म्हणाला नाही.